नववं वर्ष, नववा दिवस

तिचं नाव होंग, पण तलात नोईची सगळी वस्ती तिला जे होंग म्हणते. जे म्हणजे ताई. वय अडुसष्ट. गेली चाळीस वर्षं ती एकाच दुकानाच्या तोंडाशी, एकाच चुलीवर नूडल्सचा रस्सा करते. रस्सा उकळला की तिचा डावा हात न बघता फळीवर जातो, हिरव्या झाकणाची बाटली उचलतो, पातेल्यावर दोनदा गोल फिरवतो आणि जागेवर ठेवतो. बाटलीत माशांचं खारं पाणी असतं. आम्हा बँकॉकच्या लोकांची जीभ त्याच पाण्यावर वाढलेली.

वर्षातले नऊ दिवस, चिनी देवळांच्या शाकाहारी सणाचे, मात्र ते चालत नाही. गल्लीत पिवळे झेंडे लागतात, माणसं पांढरे कपडे घालतात, आणि मांस, मासे, अंडी, दूध तर सोडाच, कांदा-लसूणसुद्धा दारात येत नाही. जे होंग आदल्या संध्याकाळी त्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरते, सुतळीने बांधते आणि माडीवर पाठवते. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या. नऊ दिवस ती रस्सा चाखतही नाही. प्रत्येक पातेल्यातला पहिला वाडगा नदीकाठच्या देवळात कुआन इम देवीपुढे जातो, मग बाकीच्यांना.

ही सगळी शिस्त तिच्या नातीपायी. फायलिन सातव्या महिन्यात जन्मली, वजन जेमतेम एक किलो, नाकातोंडात नळ्या. तेव्हा हेच नऊ दिवस चालू होते. जे होंग देवीसमोर बोलून आली, पोर जगू दे, नऊ वर्षं नऊ दिवस मी सोवळ्यातलं रांधीन, आणि मधे कधी चुकले तर पुन्हा एकपासून. ती शेवटची अट तिची तिनेच घातली. देवीने मागितली नव्हती. फायलिन आता नऊ वर्षांची आहे, रायोंगला आईबापांकडे असते आणि आजीला फोनवर उलट बोलते. जे होंगला ते फार आवडतं.

मी पुम. माझं वय एक्कावन्न. सुट्टीवर आलेल्या लोकांना गल्ल्यांतून फिरवून खायला घालणं हे माझं काम. माझा एकच नियम आहे, पाहुण्यांच्या आधी प्रत्येक ठिकाणी मी एक चमचा चाखते. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला तिखट.

त्या दिवशी माझ्याबरोबर मनिलाच्या तीन बहिणी होत्या, तिघीही साठीच्या पुढच्या. थोरली आम्पारो, ती प्रत्येक पदार्थाचा आधी फोटो काढायची, मग वास घ्यायची, मग धाकट्यांना परवानगी द्यायची. नदीच्या बोटीतून उतरल्यापासून त्या तिघी भांडत होत्या. विषय असा की आईचं मुळ्याचं सूप नक्की कुणाला जमतं. आई जाऊन वीस वर्षं झालेली.

नववं वर्ष होतं आणि नववा दिवस. जे होंगकडे पोचलो तेव्हा अकरा वाजले होते, आणि ती शेवटच्या पातेल्याला लागली होती. मुळा, वाळवलेली अळंबी, सोयाच्या दुधाची साय. बाकावर पांढऱ्या कपड्यातली पाच-सहा माणसं देवीचा वाडगा निघायची वाट बघत होती. पहिला नंबर कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या सेंगचा. तो पंचवीस वर्षं हे नऊ दिवस पाळतो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

तिने देवीचा वाडगा भरला, झाकला, बाजूला ठेवला. मग सेंगला म्हणाली, तू रोजचा आहेस, पाहुण्यांना आधी देते, आणि आमचे वाडगे भरले. मी चमचा तोंडात घातला.

चव उत्तम होती. तीच पंचाईत. नऊ दिवसांत त्या रश्श्याला कधी नसते इतकी चांगली चव होती. मी फळीकडे बघितलं. हिरव्या झाकणाच्या बाटल्या रांगेने लागलेल्या होत्या. नंतर कळलं की उद्या गुडघे साथ देतील न देतील म्हणून तिने सकाळीच बर्फवाल्याकडून खोकं खाली आणवलं होतं, आणि आलंच आहे खाली तर लावून टाकू म्हणून बाटल्या जागच्या जागी लावल्या होत्या. पुढचं काम हाताने केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की अजून अर्धा दिवस बाकी आहे.

आम्पारोने दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि बहिणींना म्हणाली की हे बघा, हे आईचं. हिच्या रश्श्यात आपल्यासारखंच माशाचं पाणी आहे. मग तिने मला विचारलं की आज तर मासा चालत नाही ना, तूच सांगितलंस.

ती इंग्रजीत बोलत होती. जे होंगला इंग्रजी येत नाही.

"काय म्हणते ती?" जे होंगने विचारलं.

"म्हणते, घरची आठवण झाली."

यात खोटं काही नव्हतं. जे होंग खूश झाली. तिने आम्पारोच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली आणि देवीचा झाकलेला वाडगा उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाली, तुम्ही देवळावरूनच जाणार, आज माझ्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत, एवढा नेऊन ठेव. नऊ वर्षांत तो वाडगा तिने दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता. मागे सेंग आपला चमचा पुसत उठला होता.

मला दहा-बारा सेकंद मिळाले असतील. कुणाला कळणार होतं, हा विचार मी केला. पोर ठणठणीत आहे, हाही केला. वाडगा गरम होता.

"जे, हा मी नेऊ शकत नाही."

"का गं, जड झाला?"

"यात मासा आहे."

ती फळीकडे वळली. बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिली, मग आपल्या डाव्या हाताकडे. मग तिने चूल बंद केली. बाकावरच्या लोकांना तिने स्वतःच सांगितलं, की या पातेल्यात माझ्या हातून मासा पडला आहे, कुणी खाऊ नका, थांबायचं तर तासभर थांबा. दोघं उठून गेले. सेंग म्हणाला, पंचवीस वर्षं थांबलो, तासाने काय होतं, आणि खाली बसला.

"तुला कधी कळलं?" तिने मला विचारलं.

"पहिल्या चमच्याला."

"आणि मला घरची आठवण सांगत होतीस." एवढंच बोलून तिने चपला घातल्या.

देवळाच्या अकरा पायऱ्या ती माझा दंड धरून चढली. तिन्ही बहिणी हळू आवाजात बोलत मागे आल्या, त्यांना काय झालंय ते मी वाटेत सांगितलं होतं. देवीपुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात. एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न विचारून टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसली, म्हणजे पुन्हा विचार.

जे होंगने विचारलं, हे वर्ष धरायचं का. कोरी टाकल्या. देवी हसली. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा हसली.

देवळाचा पुजारी म्हणाला, अजून एकदा टाका, तिसऱ्यांदा बहुधा नीट सांगते. जे होंगने कोरी उचलल्या, हातात घोळवल्या आणि टाकल्याच नाहीत. जागेवर ठेवून दिल्या.

"तिचं काय जातं हसायला," ती म्हणाली. "अट मी घातली होती."

परतताना ती पायऱ्यांवर मधेच बसली. म्हणाली, उद्यापासून त्या पोरीसाठी मी काय करणार होते, हे काही सुचत नव्हतंच. खरं सांगत होती की मनाची समजूत घालत होती, मला कळलं नाही.

दुकानात आल्यावर तिने बाटल्या पुन्हा खोक्यात भरल्या आणि मला सुतळी आवळायला लावली. नवं पातेलं निघालं. माझ्या पाहुण्यांचा पुढचा कार्यक्रम होता, पण आम्पारोने बाही वर सारून मुळा सोलायला घेतला, आणि धाकट्या दोघी तिची सालं जाड निघतात म्हणून कुरकुरायला लागल्या. जे होंगला भाषा कळत नव्हती, पण ती धाकट्यांच्या बाजूने होती.

रस्सा उकळल्यावर तिने चमचा माझ्यापुढे केला.

"चाख. यापुढे दरवर्षी तूच चाखायचं. नऊ दिवस, प्रत्येक पातेलं."

"जे, देवीच्या आधी तू तर चाखू देत नाहीस कुणाला."

"नाही दिलं म्हणून काय झालं ते बघितलंस." मग तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "सकाळी काय खाल्लंस?"

मी खरं सांगितलं. पुलाखाली तिघींना घेऊन भाजलेलं डुक्कर खाल्लं होतं, भातासकट.

तिने चमचा माझ्या हातातून काढून सेंगला दिला.

"पुढच्या वर्षीपासून मग तेही बंद," ती म्हणाली. "नऊ वर्षं."

मी मनातल्या मनात हिशेब केला. साठ होतात. सेंगने रस्सा चाखला, मान हलवली, आणि मीठ कमी आहे म्हणाला.