माझ्यावर फुंकर घालू नका

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, खेळाची. हातात मावणाऱ्या एका यंत्राच्या पाठीत मला खोचतात, मग त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक मुलगी दिवा घेऊन उभी राहते. तिला सात रानं ओलांडून एका काळ्या दारापाशी जायचं असतं. माझ्या पोटात शर्टाच्या गुंडीएवढा सेल आहे. खेळणारा जिथे थांबला, ती जागा हा सेल ज्याच्या त्याच्या खणात जपून ठेवतो.

कारखान्यात एका बाईने मला खोक्यात भरलं. तिची बोटं भराभर चालत होती. मी कुणाच्या घरी जाणार, याचा विचार करायला तिला सवड नव्हती आणि मला अक्कल नव्हती.

मी आले ते दोन खोल्यांच्या घरात. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनपाशी आई, आणि जमिनीवर चिंध्यांच्या ढिगात दोघी बहिणी, ताई आणि धाकटी. माझ्याबद्दल घरात कुणाचंच एकमत नव्हतं.

बस चालवणारा मामा एकदा खेळायला बसला आणि वैतागला. "मी रस्ता चुकलो तर खाली उतरून विचारतो. इथे विचारायला कुत्रंसुद्धा नाही! हा कसला खेळ?"

"मामा, तू पहिल्याच रानात मेलास, म्हणून तुला आवडत नाही," धाकटी म्हणाली.

"मेलो नाही गं, जरा पडलो होतो."

धाकटीच्या मते माझी चित्रं फिकी आणि राक्षस अगदीच लेचेपेचे. ताई म्हणायची, "राक्षसांसाठी कोण खेळतंय? तिसऱ्या रानात पाणी कसं वाजतं, ते ऐक." खेळताना ती स्वतःशीच गुणगुणायची,

दिव्या दिव्या, पुढे चल, मागे माझे पाऊल,
तुझ्याआधी मला नको काळोखाची चाहूल.

आणि आई? दातांत टाचण्या धरून ती पडद्याकडे बघायची. "ही पोर सारखी चालतेच आहे. बसत नाही, निजत नाही. हिला घरदार नाही का?"

"आई, खेळ आहे तो!"

"असू दे. दमत असेल."

कधी कधी मी सुरू होत नसे. मग मला उपसून माझ्या पितळी दातांवर फुंकर घालायची, ही त्या घरची रीत. धाकटीची फुंकर वाऱ्यासारखी. आईची हळू, भाजलेल्या बोटावर घालतात तशी. ताईची मात्र दिवसेंदिवस आखूड होत गेली. तिच्या छातीत काहीतरी बिघडलं होतं. शेवटी शेवटी ती मला धाकटीपुढे धरायची. "तूच घाल गं. माझ्याच्याने होत नाही."

प्रत्येक फुंकरीतला ओलावा माझ्या दातांवर बसत होता. कुणाला ठाऊक नव्हतं. ती माया होती, आणि त्या मायेने मी गंजत होते.

ताई काळ्या दारापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली.

"जा ना आत! घाबरलीस?" धाकटीने चिडवलं.

"आत गेलं की संपतं. उद्या जाईन."

त्या उद्याआधीच तिला दवाखान्यात नेलं. दवाखान्यातून तिचे कपडे तेवढे परत आले.

त्यानंतर माझ्याशी कुणी खेळलं नाही. पण अधूनमधून आई धाकटीला सांगायची, "जरा लाव." ताईचा खण उघडायचा, दारापाशी उभी असलेली मुलगी दिसायची. आई बघायची आणि कामाला लागायची. एवढ्यासाठीच मी त्या घरात होते. मग एक दिवस मी सुरूच झाले नाही. दोघींनी फुंकून फुंकून जीव काढला, शेवटी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने भिंग लावलं. "किती फुंकलंत हो हिला? तोंडाच्या वाफेने दात खाऊन टाकलेत."

आईने ओठ घट्ट मिटले.

त्याने स्पिरिटने दात घासले. पडदा उजळला, दार दिसलं, मुलगी दिसली. "आतला सेल संपत आलाय," तो म्हणाला. "बदलला तर आतलं सगळं पुसलं जाईल. नाही बदलला, तरी जाईल."

"दुसरीकडे उतरवून घेता येणार नाही?" धाकटीने विचारलं.

"त्याचं यंत्र माझ्याकडे नाही. मागवेपर्यंत हा टिकायचा नाही. चालू आहे तोवर बघून घ्या. बंद केलंत की पुन्हा दिसेल असं नाही."

आईने मला चालूच घरी आणलं. वाऱ्यात पेटती वात न्यावी तसं, तळव्याच्या आडोशाने.

मशीनच्या फळीवर यंत्र ठेवलं. धाकटीचा अंगठा बटणावर गेला. "आई, ताईचं राहिलेलं मी करते. आत जाते."

"नको. काही दाबू नकोस. उभी राहून राहून दमलीय ती."

दोघी नुसत्या बघत बसल्या. बराच वेळ गेला. आणि मग त्या मुलीने इकडेतिकडे पाहिलं, दिवा खाली ठेवला, दाराला पाठ टेकली आणि ती बसली. थोड्या वेळाने तिची मान कलली. मला घडवणाऱ्यांनी हे माझ्यात ठेवलं होतं. इतक्या वर्षांत तिला कुणी स्वस्थ सोडलंच नव्हतं.

"आई, ती निजली!"

"निजू दे."

"ताईने हे पाहिलंच नाही गं."

यंत्राचा लाल दिवा मिणमिणला आणि विझला. धाकटीने यंत्रात नवे सेल घातले. माझ्या पोटातला जुनाच होता. ताईचा खण रिकामा होता.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला कोरड्या फडक्याने पुसा. तिच्यावर फुंकर घालू नका. फुंकर दुखऱ्या बोटासाठी ठेवा. मला हे वेळेवर सांगता आलं नाही. आईला आता ठाऊक आहे. तरीही ती कधीतरी मला कप्प्यातून काढते, तोंडाशी नेते, हळूच फुंकर घालते. पडदा उजळतो. मुलगी पहिल्या रानाच्या तोंडाशी दिवा घेऊन उभी असते. तिला अजून सगळंच चालायचं असतं.