निरोपाची उतरंड

माझी सून निवेदिता हिला मोठ्यांशी बोलायची रीत नाही. हळदीकुंकवासाठी मी बायकांना फोन करत बसले होते, तर ही भाजी चिरता चिरता, सासऱ्यांदेखत आणि नवऱ्यादेखत मला म्हणते, ‘‘आई, तुमची पद्धत चुकीची आहे.’’

ह्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी कार्डिफला आले, तेव्हा इथली मराठी घरं एकमेकांना ओळखतही नव्हती. आज माझं हळदीकुंकू चुकवायची कुणाची छाती नाही. का नाही, तर मी प्रत्येकीला स्वतः बोलावते. आधी पोरंबाळं विचारायची, मग दुखणीखुपणी, मग आमंत्रण. दुसरीच्या तोंडून दिलेलं आमंत्रण म्हणजे रस्त्यावरून मारलेली हाक.

‘‘चुकीची म्हणजे कशी गं?’’

‘‘तुम्ही एकट्याच सगळ्यांना सांगता. तोवर बाकीच्या नुसत्या बसून. त्यापेक्षा तुम्ही दोघींना सांगा, त्या प्रत्येकी आणखी दोघींना सांगतील, त्या पुढच्यांना. निरोप सगळीकडे एकदम पसरतो. ऑफिसात मी हेच करतेय.’’

‘‘मग ऑफिसातच कर.’’

अवधूत, माझा मुलगा, खाली बघून हसला. रात्री जेवताना त्याला आमटी वाढली नाही मी.

तिचं ऑफिस म्हणजे थंडगार खोलीत कपाटांतून रचलेले शेकडो कम्प्युटर. पाऊस पडला की टॅफ नदीचं पाणी कुठल्या गल्लीत कधी शिरेल, ते सगळ्यांनी मिळून काढायचं. एकेकाला नदीचा एकेक तुकडा वाटून दिलेला. पण दर फेरीला एकच कम्प्युटर बाकीच्यांना ओळीने निरोप देत बसायचा, आणि बाकीचे हाताची घडी घालून उभे. उत्तर निघायचं तेव्हा पाणी गल्लीत शिरून परतही गेलेलं असायचं. निवेदिताने तिथे निरोपांची उतरंड मांडली होती, वरच्याने खालच्या दोघांना सांगायचं, त्यांनी आणखी खालच्यांना. तिची साहेबीण ग्वेन फटकळ बाई. तिने स्पष्ट सांगितलं होतं, येत्या वादळात उत्तर पाण्याआधी आलं तर नोकरी कायम, नाहीतर मार्चनंतर तुमचं तुम्ही बघा. तिला उचलायला ग्लासगोची एक कंपनी टपलेलीच होती. म्हणजे मुलगा, सून दोघंही तिकडे, आणि आमच्याकडे दिवाळीपुरते पाहुणे.

हळदीकुंकू शनिवारी, नदीकाठच्या हॉलमध्ये. शुक्रवारी सकाळपासून वादळ. मी तिळगूळ डब्यात भरत होते, तोच निवेदिताचा फोन.

‘‘आई, उत्तर आलं. उद्या दुपारी हॉलच्या गल्लीत पाणी येणार. हॉल बदला.’’

‘‘आजवर कधी तुमचं उत्तर वेळेत आलंय?’’

‘‘आज आलंय. ग्वेनने कौन्सिललासुद्धा कळवलंय. चुकलं तर माझी नोकरी गेली, तुमचं काय जातंय? फक्त हॉल.’’

अशी जीभ. पण जिने स्वतःची भाकरी पणाला लावलीय, तिचं ऐकावं लागतं. अवधूतने टेकडीवरच्या चर्चचा हॉल मिळवला. आता बायकांना कळवायचं. उतरंड तर उतरंड, म्हटलं, पण मांडायची मानाप्रमाणे. सगळ्यांत वडील सुप्रभाताई, म्हणून पहिला फोन त्यांना. त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली, तिथून त्या डॉक्टरवर गेल्या, डॉक्टरवरून जावेवर. चहा गार झाला, तरी हॉलचं नाव काही माझ्या तोंडातून बाहेर पडेना. त्यांच्या खालच्या सगळ्या बायका खोळंबलेल्या.

मी निवेदिताला फोन लावला. ‘‘तुझी उतरंड काही चालत नाही.’’

‘‘सगळ्यांत वर कोण ठेवलंय?’’

मी सांगितलं. पलीकडे तिने फोन तोंडापासून लांब धरला. हसत असणार.

‘‘आई, आमचंही गेल्या महिन्यात असंच झालं. वरच्या जागी एक संथ कम्प्युटर बसला होता, खालचे सगळे अडले. मान राहू दे बाजूला. जिचं बोलणं लवकर संपतं, तिला वर घ्या.’’

लवकर संपणाऱ्या दोघी म्हणजे कस्तुरी आणि ईशानी. एरवी मला त्या उद्धट वाटतात. कस्तुरी म्हणाली, ‘‘ओके काकू,’’ आणि फोन ठेवला. ईशानीने तर ओकेसुद्धा म्हटलं नाही, नुसतं ‘‘हं’’. मी नवा चहा टाकला. तो उकळतोय न उकळतोय तोच उलटे फोन यायला लागले. चर्चचा हॉल ना, काकू? टेकडीवरचा ना? ज्यांना मी अजून सांगितलंच नव्हतं, त्या मला सांगत होत्या. शेवटी सुप्रभाताईंचाही आला. ‘‘लीलावती, अगं हॉल बदललाय म्हणे, तुला कळलं का?’’

शनिवारी दुपारी जुन्या हॉलच्या गल्लीत गुडघाभर पाणी. त्या गल्लीतल्या लोकांनी गाड्या आदल्या दिवशीच हलवल्या होत्या, कौन्सिलने वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. आणि टेकडीवर माझ्या सगळ्या बायका कोरड्या पायांनी, पैठण्या नेसून. एकही कमी नाही. ग्वेन निवेदिताला शोधत ओला रेनकोट घालून दारात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की निवेदिता आता आमच्याकडे कायमची. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लासगोवाल्यांनी दुसरी सून शोधावी.

मी कोयरी हातात घेतली. पहिलं कुंकू दरवर्षी सुप्रभाताईंना. त्या पुढे सरकून, पदर सारखा करून बसल्याही होत्या. निवेदिता मागे कोपऱ्यात तिळगुळाच्या वाट्या भरत होती, डोळे जागरणाने लाल.

‘‘निवेदिता, इकडे ये,’’ मी म्हटलं. ‘‘चारचौघांत मला चूक म्हणालीस, म्हणून हेही चारचौघांत ऐक. तुझं बोलणं वाईट आहे आणि तुझं काम चोख आहे. बोलणं मी सुधारेन, आता तू इथेच आहेस. बस पाटावर. आज पहिलं कुंकू तुझं.’’