आईच्या बोटांतला झटका

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पेटी, पेटीमागे डोळ्यांना पट्टी बांधलेली म्हातारी आणि शेजारी गादीवर ऐसपैस पसरलेले पेटीमहाराज.

"जन्मात हिने पेटीला हात लावलेला नाही," महाराज ध्वनिक्षेपकात गुरगुरले. "विचारा तिलाच."

"मला कुठली येते पेटी," म्हातारी कसनुसं हसली आणि वाजवू लागली. तिचा नवरा जिवंतपणी रोज वाजवायचा तीच धून. लोकांनी हात जोडले. पहिल्या रांगेत तिचा मुलगा ढसाढसा रडत होता. अण्णा परत आले होते, आईच्या बोटांत.

त्याची धाकटी बहीण शेजारी कोरडी ठणठणीत बसली होती. लोकांना मोटार शिकवणं हे तिचं काम. मेंदूच्या तापानंतर आईला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नसे, पोटची मुलं ओळखू येत नसत. दादा तिला रोज दुपारी महाराजांकडे 'सेवेला' सोडायचा. आजपासून महाराज तिला कायमची ठेवून घेणार होते आणि दादाने होकारही दिला होता. आईला घरी न्यायचं तर आजच.

एका ठरावीक सुरावर आईची बोटं पोळल्यासारखी मागे यायची, मग पुढे चालायची.

"पाहिलंत? आत्मा कूस बदलतोय," महाराज म्हणाले. आत्म्याला कुशी असतात हे लोकांनी बिनतक्रार गिळलं.

धाकटीने हा झटका पाहिलेला होता. आधीच्या शिक्षकाचा गुडघ्यावर मार खाल्लेले शिकाऊ तिच्याकडे यायचे. गिअर बदलायची वेळ आली की त्यांचा गुडघा आपसूक आक्रसायचा. ती उठून मंचावर गेली.

"महाराज, अण्णांना म्हणावं, धून मधून सुरू करा."

आईची बोटं चाचपडली आणि सुरुवातीच्याच सुरावर जाऊन बसली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

"आत्मा काय तुझा नोकर आहे?" महाराज खेकसले.

"दादा, अण्णा कुठूनही वाजवायचे. आठवतं ना?"

धाकटीने आईच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. पेटीच्या झाकणाआड एक लाकडी फूटपट्टी पडली होती. तिने ती नुसती उचलली.

आईने निमूटपणे दोन्ही हात पुढे केले, उपडे, मुठी वळून. पेरांवर काळेनिळे वळ होते. महाराज त्यांना अण्णांच्या पाऊलखुणा म्हणायचे आणि दादा रोज त्यांवर कपाळ टेकायचा.

"आई, कुणी मारलं तुला?"

"कुणी नाही गं. इथे सगळे किती चांगले आहेत." मग तिने विचारलं, "तू कोण?"

झालं होतं ते असं. घडलेलं लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग तापाने खाल्ला होता, पण सरावाने हालचालीला हालचाल जोडणारा भाग शाबूत होता. दादाने कौतुकाने गुणगुणून दाखवलेली धून महाराजांच्या एका शिष्याने रोज दुपारी तिच्याकडून घोटून घेतली. पहिलं बोट पडलं की पुढची साखळी आपोआप उलगडायची. मधली कडी सुटी काढता येत नव्हती. एका सुरावर ती सारखी चुकायची, तिथे फटका बसायचा आणि हात मागे घेणं हीही साखळीतलीच कडी झाली. महाराजांना अशीच बाई हवी होती, जी शिकेल पण साक्ष देऊ शकणार नाही. ती खरं बोलत होती म्हणून त्यांचं खोटं खपलं.

"पण धून तर बरोबर होती ना?" गर्दीतली एक बाई हिरमुसून म्हणाली. शिष्य केव्हाच मागच्या दाराने पसार झाला होता.

आई घरी आली. अजूनही ती चादरीवर बोटं चालवते आणि त्या जागी हात झटकन मागे घेते. दादा समोर बसून बघत राहतो, कारण आपणच तिला सोडायला जायचो हे त्याला नीट आठवतं. आपण सगळेच बुटाची नाडी कधी, कुणाकडून शिकलो ते विसरलेलो असतो. म्हणून काही नाडी बांधताना कुणी अंगात येत नाही. कुणाच्या हातांची करामत दिसली तर खुशाल अचंबा करा, पण वाकून नमस्कार करण्याआधी ते हात कुणी आणि कसे शिकवले, एवढं विचारा.