ओठांत टाचण्या असताना

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. हसू नका माझ्याकडे बघून. आज माझ्या डोक्यावर कुंडी ठेवली आहे आणि खणात जुनी वर्तमानपत्रं कोंबली आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण कारखान्यातून आले तेव्हा माझ्या काळ्याभोर अंगावर सोनेरी वेल होती, आणि माझा रुबाब काही औरच होता.

मला घरी आणलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. सुईत दोरा ओवायला उजेड हवा, म्हणून त्यांनी मला खिडकीपाशी ठेवलं. त्यामुळे बाईंची पाठ असायची दाराकडे आणि तोंड माझ्याकडे. पुढे जे रामायण घडलं ते एवढ्यावरूनच.

बाईंची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळेतून आली की ती दारातूनच सांगायची, "आई, आले गं." लगेच बाईंचा पाय पायडलवर थांबायचा आणि मागे न बघताच त्या म्हणायच्या, "आलीस? ये." बस्स, एवढंच. खरं सांगते, मला याचा रागच यायचा. चांगली सरळ शिवण चाललेली असताना मध्येच थांबायचं म्हणजे काय?

मग एका वर्षी शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. चुण्यांचे स्कर्ट, एकेका स्कर्टला चोवीस चुण्या आणि प्रत्येक चुणीला टाचणी. शिवण पुढे सरकली की बाई टाचणी काढायच्या आणि ओठांत धरायच्या. हात दोनच, करणार काय बिचाऱ्या. (तुम्ही मात्र हे करून बघू नका.) आता भिंगरी दारातून म्हणायची, "आई, आले गं," आणि बाई म्हणायच्या, "हं." पायही थांबायचा नाही.

मला बाईंचा चेहरा दिसत होता. त्या "हं"बरोबर त्यांचे डोळे कसे खुलायचे, ते मी रोज बघत होते. पण भिंगरीला दिसायची फक्त पाठ. तिने आठवडाभर वाट पाहिली. एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, एकदा दप्तर आपटून पाहिलं. मग तिने म्हणणंच सोडून दिलं. ती गुपचूप यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची. नळाचा आवाज आला की पोरगी आली, हे बाईंना कळायचं. मला मात्र काही केल्या करमेना. पूर्वी ज्याचा राग यायचा, त्याचीच मी वाट बघू लागले होते.

एके दिवशी भिंगरीचं डोकं दुखत होतं. ती नळाकडे न जाता सरळ आतल्या खोलीत गेली आणि स्कर्टांच्या ढिगाऱ्यामागे झोपली. बाईंनी मान वर केली तेव्हा घड्याळात सहा वाजून गेले होते. घरात कसलीच चाहूल नव्हती. कापड माझ्या सुईखाली तसंच सोडून त्या शाळेकडे धावत सुटल्या.

माझा खडखडाट थांबला म्हणूनच भिंगरीला जाग आली असावी. ती बाहेर आली तर दार सताड उघडं आणि आई नाही. तिने हळूच हाक मारली. मग आईच्या स्टुलावर येऊन बसली आणि माझं चाक घट्ट धरून राहिली.

बाई परत आल्या त्या घामाघूम होऊन, एका पायात चप्पल नाही. पोरीला बघून त्या दारातच मटकन बसल्या.

"कधी आलीस?"

"मघाशीच."

"मग म्हणाली का नाहीस, बाळा?"

"तू कुठे बोलतेस? नुसतं हं करतेस. मला वाटलं, मी आलेली तुला नको असते."

बाईंनी मूठ उघडली. आत चार टाचण्या होत्या आणि तळहाताला त्या टोचल्या होत्या. त्या टाचण्या ओठांत धरूनच बाई शाळेपर्यंत धावल्या होत्या. त्या काय विचारताहेत ते शिपायाला कळेना, तेव्हा कुठे त्यांनी त्या हातात काढून घेतल्या.

भिंगरीने एका टाचणीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "परत धर. मला बघू दे."

बाई उठून स्टुलावर बसल्या आणि त्यांनी टाचण्या पुसून ओठांत धरल्या. भिंगरी माझ्या बाजूला, खिडकीला पाठ लावून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, आले गं." बाई "हं" म्हणाल्या. मी रोज बघायचे तो चेहरा त्या दिवशी भिंगरीने पहिल्यांदा पाहिला, आणि तिला रडू फुटलं.

आता भिंगरी नोकरी करते. बाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे दारातून हाक मारून भागत नाही. भिंगरी चपला काढते, खोली ओलांडून खिडकीपाशी येते आणि बाईंच्या समोर उभी राहून सांगते. बाई म्हणतात, "आलीस? ये." मी कुंडीखालून बघत असते.

मित्रांनो, मला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण तुम्ही घरी आल्यावर आतून नुसतं "हं" आलं, तर रुसून बसू नका. चार पावलं पुढे जा आणि आईचा चेहरा बघा.