हरताळाखालचे वाक्य

सुरभीने पोथीचे अडतिसावे पान उचलून खिडकीच्या उजेडात धरले, तशी मधुकररावांची चुळबुळ थांबली.

"काका, इथं हरताळ फासला हाय," ती म्हणाली. "पन खालचं थोडं थोडं दिसून राह्यलं."

जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत. खोडायची तीच रीत. गीतेवरच्या या मराठी टीकेत असे लेप फार नव्हते. हिंगणीच्या याच ओसरीवर सहा पिढ्यांमागे घरातला एक भाऊ उसन्या पोथीतून मोठ्याने वाची आणि दुसरा ऐकून लिही. पुढे त्या लिहिलेल्या पोथीवरून आणखी एक प्रत झाली, आणि वाटणीत दोन्हींपैकी एक इथे राहिली, एक धाकट्या घराबरोबर समुद्रपूरला गेली. अस्सल कोणती नि नक्कल कोणती, यावरून मागच्या पिढीत जे बिनसले ते बिनसलेच. भांडण झाले तेव्हा मधुकरराव दहा वर्षांचे होते. तोवर दर उन्हाळ्यात समुद्रपूरचा नत्थूदादा यायचा, मधूला खांद्यावर बसवून बोर नदीवर न्यायचा. त्यानंतर फोनवर कोणी गेल्या-आल्याची खबर तेवढी कळायची.

आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मधुकररावांना एकच हवे होते: कोणी शिकल्यासवरल्या माणसाने एकदा सांगावे, अस्सल तुमची. म्हणून तर त्यांनी वर्ध्याहून जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्या सुरभीला बोलावले होते. समुद्रपूरच्या पोथीचे फोटो तिने गेल्याच आठवड्यात काढून आणले होते.

तिने मोबाइलवर तेच पान लावले. तिथे हरताळ नव्हता, अक्षर स्वच्छ होते. लेपाखालच्या अक्षरांशी जुळवत तिने ते मोठ्याने वाचले.

"इंद्रिये आवरावी, अवो गाय सुटली, मन आवरावे."

ही गाय नत्थूदादाने, म्हणजे आताच्या नत्थूजींनी, पदरची घातली, असे मधुकरराव जन्मभर म्हणत आले होते. गाय म्हणजे मन, खुंटा म्हणजे नाम! दर एकादशीला नत्थूजी या ओळीवर प्रवचन करत, लोक डोळे पुसत, आणि ते ऐकून इकडे मधुकररावांचे पोट दुखे.

तेवढ्यात सुलोचनाबाई पिठाच्या हातांनीच आतून धावत आल्या.

"अवो, कोनाची गाय सुटली?"

सुरभी त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिला हसू आवरेना.

"काकू, तुमच्यासारखीच कोनीतरी तवा अंगणातून ओरडली असंन. लिहिनाऱ्यानं ऐकलं तसं लिहून टाकलं! मागून चूक समजली, म्हनून वरून हरताळ. समुद्रपूरची प्रत त्याच्या आधीच उतरवून झालती. काका, अस्सल तुमचीच."

वडील आज हवे होते, असे मधुकररावांना फार वाटले. शेवटच्या पानावर धन्यांची नावे होती, बापामागून लेक, सहा पिढ्या. त्यांनी त्यांवरून बोट फिरवले. त्यात बाई एकही नव्हती. जिने हाक मारली तिचे नाव घरात कोणाला ठाऊक नव्हते. तिचे तेवढे तीन शब्द उरले होते, तेही समुद्रपूरला.

सुरभी कॅमेरा आवरत होती. मधुकररावांनी नत्थूजींना फोन लावला.

"काय निघालं, मधू?" पलीकडून थकलेला आवाज आला. "कोनाची जुनी?"

"आमची," मधुकरराव म्हणाले. इतकी वर्षे मनात घोकलेला शब्द, पण तोंडातून हळूच निघाला. "पन घरातल्या कोन्या जुन्या आजीचा आवाज तुमच्याकडं राह्यला. आमच्या घरानं त्याच्यावर हरताळ फासला."

मग त्यांनी सगळे सांगितले.

"म्हंजे चाळीस वर्षं मी अर्थ सांगून राह्यलो," नत्थूजी म्हणाले, "अन् ते गाय खरीच सुटलती?"

ते हसायला गेले, पण हसू जमले नाही.

"उद्या एकादशी हाय, मधू. आता लोकाईले काय सांगू?"

"तेच सांगा, दादा," मधुकरराव म्हणाले. "मी पयल्या बसनं येतो. मले ऐकाचं हाय."