मजुरीतली लाखोळी

आठवड्याची मजुरी मोजायचा दिवस आला, की इंदूबाईंना सकाळपासूनच थकवा यायचा. घाटंजीपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात १९६५चा पाऊस नावापुरता पडून गेला होता. कपाशी गुडघ्याएवढी झाली नाही आणि ज्वारी उभ्या जागी करपली. लाखोळी, म्हणजे लाखेची दाळ, तेवढी तगली. मागल्या सालची कोठीत होती, शिवाय वाघाडी नदीकाठच्या ओलसर पट्ट्यात नवीही उगवली. म्हणून त्यांचे यजमान भगवानराव यांनी दिवाळीलाच ठरवून टाकलं, की यंदा गड्यांना मजुरीत ज्वारी द्यायची नाही, लाखोळी द्यायची. घरची जुनी ज्वारी जमिनीखालच्या पेवात मातीनं बंद राहिली.

भगवानराव काही वाईट मनाचे गृहस्थ नव्हते. गड्याच्या घरी लग्न असलं तर बैलगाडी पाठवत, कुणी आजारी पडलं तर विचारपूस करत. पण धान्याच्या बाबतीत त्यांचा हिशेब सरळ होता. लाखोळी दाळच आहे, पोट भरतं, मग झालं. आपल्यातले किती जण असाच विचार करतात!

चैत्रात मजुरी मोजताना इंदूबाईंनी पायली भरली आणि समोर पाहिलं. खेमसिंग काठी टेकत येत होता. गावाबाहेरच्या तांड्यावरचा हा तिशीतला गडी भगवानरावांकडे सालभराच्या बोलीवर सालदार होता. पोत्याखाली पाठ न वाकवणारा म्हणून त्याची ख्याती. आता तो टाचा उचलून, चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत चालत होता. मागून त्याची बायको रामीबाई डोक्यावरचं टोपलं सांभाळत आली.

"काय झालं रे?" इंदूबाईंनी विचारलं.

"पायावून वारं गेलं म्हंतात, पाटलीनबाई," खेमसिंग म्हणाला. "तेल चोळलं, भगत झाला, कोंबडं झालं. काई फरक नाई."

इंदूबाईंनी त्याच्या बायकोच्या टोपल्यात लाखोळी ओतली. ओतताना त्यांना काही वाटलं नाही, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

पण माणूस डोळ्यांसमोरून हलेना. बाजाराच्या दिवशी गाडी घाटंजीला निघाली, तेव्हा त्यांनी खेमसिंगला आणि रामीबाईला सोबत घेतलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर भोयर होते. केस पिकलेले, रांगेतल्या रोग्यांकडे बघूनच दमलेले. त्यांनी खेमसिंगला चालायला लावलं, गुडघ्यावर ठोकून पाहिलं.

"दुखतात का पाय?"

"दुखत नाई साहेब, ऐकत नाई. एक दिस सकाळी उठलो, तं पोटऱ्या लाकडावानी. तवापासून टाच टेकत नाई."

"खाता काय?"

रामीबाईनं उत्तर दिलं. "लाखोळीची भाकर, लाखोळीचं वरन."

"त्यासोबत?"

"सोबत काय राह्यते साहेब? मीठ."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

डॉक्टरांनी खुर्चीला पाठ टेकली. "वारं नाही आणि देवाचा कोपही नाही. ही लाखोळी आहे. मागच्या महिन्यात नागपूरला आम्हा डॉक्टरांची सभा झाली, तिथे यावर बोलणं झालं. आपल्याच देशातल्या रसायन जाणणाऱ्या लोकांनी लाखोळीच्या दाण्यातलं विष वेगळं काढून दाखवलंय. कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांना ते दिलं, तर पिलांच्या माना ताठ झाल्या. माणसाच्या शरीरात ते कमरेखालच्या नसांना मारतं."

"आमच्या सासऱ्यापासून गावात लाखोळी खातात," इंदूबाई म्हणाल्या. "मंग सगळे लंगडे काहून नाही झाले?"

"चांगला प्रश्न आहे. ज्वारीसोबत थोडीशी खाल्ली तर शरीर सहसा निभावून नेतं. म्हणूनच कोणाला खरं वाटत नव्हतं. पण दुष्काळात माणूस महिनोन्महिने तीच खातो, आणि मग असे तरणे गडी एका सकाळी पायातून जातात."

रामीबाईनं हळूच विचारलं, "मंग हा बरा होईन ना, साहेब?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून सांगितलं, "बाई, खोटं बोलत नाही. गेलेलं परत आणेल असं औषध आज कोणाजवळच नाही. लाखोळी बंद केली तर याहून वाढणार नाही, एवढंच."

रामीबाई रडली नाही. तिनं नवऱ्याच्या धोतराचा सोगा सारखा केला.

"लाखोळी नाहीच सुटली, तर एक उपाय आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. "हे विष पाण्यात उतरतं. दाळ कढत पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. दोनतीनदा केलं की बरंच विष निघून जातं."

"फेकून देऊ?" रामीबाईला पहिल्यांदा हसू आलं, पण ते कडू होतं. "तांड्याची इहीर आटली, साहेब. नदीत झिरा खोदून बसतो तवा घडा भरते. शिजवलेलं पानी बी आमी कढी म्हनून पितो. फेकाले पानी आनू कोठून?"

डॉक्टरांनी इंदूबाईंकडे पाहिलं. "शोध लावणाऱ्यांनी त्यांचं काम केलं. मी सांगायचं ते सांगितलं. आता औषध तुमच्या घरी आहे, पाटलीणबाई. मजुरीत ज्वारी द्या."

संध्याकाळी गाडी गावात परतली.

घरी इंदूबाईंनी सगळं सांगितलं. भगवानराव पानाचा डबा पुढ्यात घेऊन ऐकत होते.

"डाक्टरले काय जाते बोलाले?" ते म्हणाले. "कोंबडीच्या पिल्लाले अन् मानसाले एका मापानं मोजता काय? जवारी आहे थोडी, पन ती काढली अन् पुढच्या साली बी पानी नाही आला, तं खाऊ काय?"

"सगळी नका काढू. अर्धी तं द्या."

"तू नको पडू याच्यात."

इंदूबाई पडल्या नाहीत. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांना नाद सोडून द्यायची सवय झाली होती. भांडून काय होतं, असं म्हणत त्या कामाला लागल्या. मंडळी, अन्याय पुष्कळदा दुष्टांच्या जोरावर चालत नाही, तो अशा दमलेल्या माणसांच्या गप्प बसण्यावर चालतो.

पुढल्या मजुरीला खेमसिंगच्या जागी त्याचा धाकटा भाऊ शंकरसिंग कामावर आला होता. नुकतंच लग्न झालेला, अंगानं भरलेला. लाखोळीचं गाठोडं खांद्यावर घेऊन तो ओसरीची पायरी उतरला आणि मधेच थांबला. एका हातानं खांब धरला, दुसऱ्यानं पोटरी दाबली.

"काय झालं?" इंदूबाईंचा आवाज बदलला होता.

"काई नाई, बाई. सकाळपासून गोळे येऊन राह्यले. उतरते मंग."

"खाली ठेव ते."

"काय?"

"गाठोडं खाली ठेव, शंकरसिंग. घरी जाय. संध्याकाळी ये."

तो गोंधळून गेला, पण गाठोडं ठेवून गेला. इंदूबाई बराच वेळ त्या गाठोड्याजवळ बसून राहिल्या. मग त्यातलीच लाखोळी सुपात घेतली, जात्यावर बसल्या आणि दळायला लागल्या.

दुपारी भगवानराव जेवायला बसले. ताटात पिवळट भाकर होती, वाटीत वरण आणि बाजूला मीठ. त्यांनी भाकर मोडली आणि बोटं थांबली.

"हे काय होय?"

"लाखोळी."

"आपल्या घरी कायले केली?"

"गड्यायले चालते, तं आपल्याले काहून नाही चालत?" इंदूबाई चुलीजवळूनच म्हणाल्या. "आजपासून हेच शिजवीन. तुमच्यासाठी, माझ्यासाठी, लेकरायसाठी. पावसाळ्यापर्यंत."

"लेकरायले नको देऊ," भगवानराव एकदम म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना आपलेच शब्द ऐकू आले. इंदूबाई वळल्या.

"काहून नको?"

भगवानरावांनी ताट बाजूला सारलं. बाहेर उन्हात बैल शेपट्या हलवत उभे होते. तिकडे पाहत ते म्हणाले, "बाबांची घोडी होती. तिच्या चंदीत लाखोळी टाकू देत नव्हते. म्हनायचे, घोडीचे पाय धरतात. मी लहान होतो. घोडीचं ध्यानात राह्यलं, मानसाचं मनात आलंच नाही."

इंदूबाईंनी त्यांना दोष दिला नाही. तेवढं त्राणही नव्हतं. "पेवाची किल्ली द्या," एवढंच म्हणाल्या.

पेवाला किल्ली नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. भगवानराव उठले, कुदळ घेतली आणि स्वतः पेवाच्या तोंडावरची माती उकरायला लागले. संध्याकाळी शंकरसिंग आला, तेव्हा त्याच्या गाठोड्यात ज्वारी होती आणि थोडी तूर.

भगवानराव त्याच्यासोबतच तांड्यावर गेले. खेमसिंग झोपडीपुढच्या बाजेवर पाय पसरून बसला होता. भगवानरावांनी उभ्या उभ्या सांगितलं, की आजपासून मजुरीत लाखोळी बंद. खेमसिंगनं ऐकून घेतलं.

"हे दिवाळीले झालं असतं तं, पाटील," तो म्हणाला.

भगवानराव बाजेच्या कडेला बसले. रामीबाईनं त्यांना अर्धा कप काळा चहा दिला. तो पिऊन ते परतले.

शंकरसिंगचे गोळे हळूहळू थांबले. पावसाळा आला तेव्हा तो वखरामागे चालत होता. खेमसिंगचे पाय मात्र तसेच राहिले. भगवानरावांनी त्याला सालदारीवरून काढलं नाही. तो गोठ्यात बसून दोर वळतो, बैलांचं पाहतो. कोणी विचारलं, तर आपल्या पायांकडे बोट दाखवून शांतपणे सांगतो, की काय खाल्ल्यानं हे झालं. भगवानराव नेर-दारव्ह्यापर्यंतच्या सोयऱ्यांना हेच सांगत फिरले. काहींनी ऐकलं. काहींनी "यंदा नाही, पुढच्या साली पाहू" म्हणून पान पुढे केलं. त्यांच्या गड्यांचं काय झालं असेल, या विचारानं इंदूबाईंना आजही झोप लागत नाही.

बंधुभगिनींनो, प्रयोगशाळेत बसलेल्या माणसांनी दाण्यातलं विष ओळखलं, हे मोठंच काम झालं. पण तिथून तांड्यावरच्या चुलीपर्यंतची वाट तुम्हाआम्हालाच चालायची आहे. जिला दोन घोट पाण्याची भ्रांत आहे, तिला पाणी फेकायला सांगून आपली जबाबदारी संपत नाही. जे आपल्या लेकराच्या ताटात वाढायला हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या पदरात मजुरी म्हणून घालू नका. खेमसिंगला हे कळायला त्याचे दोन्ही पाय द्यावे लागले. आपल्याला फुकट कळलं आहे. निदान तेवढ्यासाठी तरी उशीर करू नका.