कापसाच्या खोलीतला ढावलो

पूनमसिंग गेला तेव्हा माही सून बेबी रडली नाही. माहा लेक तो. मी रडली, तांडा रडला, ज्याच्याशी त्याचं वाकडं होतं तोही रडला. बेबी नाही.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलती. फवारा वर धरून मारावा लागे, अन् औषध फिरून मारणाऱ्याच्याच तोंडावर येई. दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारायले गेलेला माहा लेक डोळे चोळत घरी आला, अन् यवतमाळच्या दवाखान्यातून परतला तो चादरीत. बेबीच्या दंडावरचा चुडा उतरवला तं खालून हात निघाले ज्वारीच्या धांड्यासारखे. तेव्हापासून तिनं तोंड मिटलं. आधी बोलणं गेलं, मंग खाणं. पाणी तेवढं पोटात जाई, तेही मी जबडा धरून पाजलेलं.

कापसाले भाव नव्हता, म्हणून आमचा वेचलेला कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचून पडला होता. बेबी त्याच ढिगाले पाठ लावून बसे. घरात साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाले आग लागल्यासारखी खाज सुटते. आम्ही त्या खोलीतून पळतच जायचो. ती तिथं बसून राहे अन् खाजवतही नसे. मले भेव वाटलं ते त्याचं. ज्या अंगाले खाज कळत नाही, त्यात राह्यलं काय?

मी नातीले फोन लावला. ममता, बेबीची एकुलती पोरगी, पुण्यात गाते.

"दादी, आता नाही येता येत. अल्बमचं काम सुरू आहे."

"मायचं संपत आलं, अन् तुहं सुरूच आहे काय?"

तिच्या गाण्याले जॅझ म्हणतात. तिघंच जणं. ती गाते, श्रेयस नावाचा पोरगा गिटार वाजवते, अन् अवधूत नावाचा दुसरा एक माणसाहून उंच वाद्य उभं धरून त्याच्या जाड तारा बोटानं छेडते. सगळ्यायच्या तोंडात असलेलं जुनं गाणं घ्यायचं अन् आपल्या तऱ्हेनं वळवून म्हणायचं, हे त्यायचं काम. पहिला अल्बम इंग्रजी गाण्यायचा होता. मी ऐकला. झोपल्या लेकराच्या कानात सांगावं तशी गाते. म्हणलं, भाकर कमी पडते काय पोरीले. या खेपेले आपले तांड्यातले गाणे घेतले होते.

"त्यात ढावलो आहे काय?" मी विचारलं.

"आहे. शेवटचा."

"मंग इथं येऊन म्हण. मायसमोर. त्या दोघायलेही आण."

ढावलो म्हणजे नवरी सासरी निघताना रडत गाते तो. एकेकाले हाक मारायची. आधी याडी, म्हणजे माय. मंग बापू, मंग भाऊ, मंग गोठ्यातला बैल, मंग उंबरा. पोरीचा दम तुटला की मायनं पुढं उचलायचं. पोरगी ढावलो म्हणते अन् माय गप बसते, असं आमच्या तांड्यात झालेलं नाही. डॉक्टर झाला होता, भगत झाला होता. आता माहा भरवसा एवढ्यावरच होता.

ते तिघंही नेरच्या स्टँडवरून जीप करून आले. ममता मायच्या गळ्यात पडली, बेबी खांबासारखी बसून राह्यली. अवधूतनं काळ्या खोळीतलं लांबडं वाद्य खाली घेतलं.

"काय रे, तिरडी सोबतच आणली काय?" मी म्हणलं. पोरगं हसावं की नाही या विचारात पडलं.

शेजारची लालीबाई दारातूनच बोलली, "बिनलग्नाच्या पोरीनं घरात ढावलो म्हणू नये वं. अपशकुन होते."

"माह्या घरात आता काय व्हायचं राह्यलं ते सांग, अन् मंग जाय."

श्रेयसनं एकेका खोलीत टाळी वाजवून पाह्यली. कापसाच्या खोलीत टाळी वाजली अन् तिथंच विरली. तो खूश झाला. "आजी, पुण्यात आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावाव्या लागतात."

"मंग हा कापूसच घेऊन जाय. व्यापारी तं नेत नाही."

रेकॉर्डिंगचं यंत्र लावलं. ममतानं मले बजावलं, "लाल दिवा आहे तोवर कोणी बोलायचं नाही दादी. तूही नाही." मी पदराचा बोळा तोंडात धरला.

तिनं याडीले हाक मारली. रडत नाही, ओरडत नाही, एवढुश्या आवाजात. अन् मंग थांबली. पुढची जागा मोकळी सोडली. अवधूतची जाड तार तेवढी एकदा वाजली. ती जागा मायची. मी बेबीकडे पाह्यलं. पापणी हलली नाही. जागा तशीच रिकामी गेली.

अन् ममता सरळ भावाच्या हाकेवर गेली.

बापू कुठी गेला? ढावल्यात मेलेल्यालेही हाक मारतात. जो सुटला तो घरचा नाही. एका पोरीच्या तोंडून चुलता सुटला होता, तं त्यानं मरेपर्यंत त्या घरचं पाणी घेतलं नाही. अन् इथं बापच सुटला, पंचांगात अमावस्या सुटावी तसा. मी बोळा चावत राह्यली. बैल झाला, उंबरा झाला. तार थांबली. बेबी तशीच. मले वाटलं, संपलं. आता हिले फक्त उचलायचं राह्यलं.

लाल दिवा जळतच होता. तेव्हा गंजलेल्या बिजागरीवानी आवाज आला.

"बापूले काहून नाही बोलावलं?"

ममता हलली नाही. "याडी, माह्यानं होत नाही."

"तो घरचा नाही काय?"

"याडी..."

"म्हण."

पोरीनं तोंड उघडलं, आवाज निघेना. मंग बेबीनंच उचललं. फाटक्या, कोरड्या गळ्यानं. बापू, तुह्या खांद्यावर बसून मी बजार पाह्यला. एवढंच, अन् तिचा दम तुटला. ममता पुढं घ्यायले गेली, तिचाही तुटला. अवधूतचा हात तारेकडे गेला, मी त्याच्याकडे पाह्यलं, त्यानं तो मागं घेतला. दोघीजणी एकमेकीच्या गळ्यात, तोंडं उघडी, आवाज नाही. असं झालं की घरातल्या म्हातारीनं उचलायचं असते.

मी पूनमसिंगची माय. त्याले बापू म्हणून मी कशी हाक मारू?

मी बोळा काढला अन् बापू म्हणूनच हाक मारली. पाठोपाठ बेबीचा हंबरडा फुटला. किती महिन्यांचा होता तो, तिचं तिलेच ठाऊक.

श्रेयस यंत्र बंद करायले सरकला. "राहू दे तो दिवा," मी म्हणलं.

रडता रडता बेबीचा हात मानेवर गेला. मंग दंडावर गेला. अन् ती खाजवायले लागली, करकरा, कातडी लाल होईपर्यंत.